नोंदवहीत निकाल, पुस्तकात कारण : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्रांतिपूर्व फ्रान्समधील न्यायालयीन निवाड्यांच्या जुन्या संग्रहांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण ३५ वर्षे दिवाणी वकिली केली आहे, हे आपण लिहिले नसते तरी आक्षेपांच्या मांडणीवरून कळले असते. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी ते आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. आपले म्हणणे असे की, ज्या निवाड्यांत कारणेच दिलेली नसत त्यांचे संग्रह छापणे म्हणजे गणिते गाळून नुसती उत्तरे छापणे होय. संग्राहकांनी पुढे जोडलेली कारणे ही त्यांची स्वतःची अटकळ असल्यामुळे तिला पुराव्याचे मोल नाही. मूळ नोंदवह्या पॅरिसमध्ये शाबूत असताना या दुय्यम पुस्तकांचे कौतुक करणे हा जुन्या कातडी बांधणीचा शौक आहे. आणि ज्या देशात पूर्वनिर्णय बंधनकारकच नव्हता तेथील संग्रहांना ‘लॉ रिपोर्ट’, म्हणजे पुढच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचे निकालांचे अहवाल, म्हणणे ही सरळ चूक आहे. न्यायाधीशांना कारणे लिहिण्यास ‘कायद्याने मनाई होती’ या माझ्या विधानाला आधार काय, असेही आपण शेवटी विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथे चूक माझी आहे. अशी मनाई करणारा राजाचा कोणताही हुकूम मला दाखवता येणार नाही. होती ती रीत, आणि तिच्या पाठीशी न्यायालयातील विचारविनिमय गुप्त राखण्याचे चौदाव्या शतकापासूनचे बंधन. पार्लमाँ, म्हणजे नावाने संसदेसारखे वाटणारे पण मुळात राजाच्या नावाने अंतिम निवाडा देणारे वरिष्ठ न्यायालय, स्वतःला कोणापुढेही कारण सांगण्यास बांधील मानत नसे. ओर्लेआँ येथे न्यायाधीश असलेले दानिएल झूस यांनी १७७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात तर व्यवहारी सल्लाच दिला आहे की, निकालाची कारणे न लिहिणे बरे, म्हणजे हरलेल्या पक्षाला खुसपटे काढायला जागा राहत नाही. मनाई असती तर असा सल्ला देण्याची गरजच पडली नसती, हे आपल्या बाजूचे प्रमाण मीच पुरवतो. शिवाय एखादा निवाडा रद्द करून घेण्यासाठी कोणी राजाच्या परिषदेकडे गेला, तर परिषद त्या पार्लमाँच्या मुख्य सरकारी वकिलाकडून निवाड्याची कारणे मागवू शकत असे आणि ती लेखी पाठवली जात. म्हणजे कारणे होती, ती सांगताही येत होती. फक्त पक्षकाराला आणि जनतेला सांगितली जात नव्हती. मूळ लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

हे मान्य केल्यावर आपला पहिला आक्षेप उलट अधिकच धारदार होतो, आणि त्याला उत्तर देण्यासाठी नोंदवहीत नेमके काय असे ते पाहिले पाहिजे. पॅरिसच्या पार्लमाँच्या ‘ओलिम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या नोंदवह्या १२५४ पासूनचे निवाडे देतात, आणि तेथून क्रांतीपर्यंतच्या हजारो नोंदवह्या आज फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण अठराव्या शतकातील एखादी नोंद उघडली तर तीत पक्षकारांची नावे आणि किताब, कोणत्या न्यायालयाच्या निकालावर अपील आहे ते, दोघांच्या मागण्या आणि मग एक ठरीव वाक्य एवढेच सापडते. अपील फेटाळायचे असेल तर ‘अपील शून्यवत करून, ज्यावर अपील झाले तो निकाल अमलात यावा’, आणि मान्य करायचे असेल तर ‘अपील व ज्यावर अपील झाले ते, दोन्ही शून्यवत’. मृत्युपत्र का टिकले, हुंडा कोणाकडे का गेला, याबद्दल अक्षर नाही. म्हणून मूळ नोंदवही हाताशी असताना दुय्यम पुस्तक कशाला, हा आपला प्रश्न नोंदवही न उघडताच विचारला जाऊ शकतो. ती उघडल्यावर तोच प्रश्न उलटा होतो: हे वाक्य कशामुळे लिहिले गेले ते सांगणारे दुसरे काही आहे का?

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्यालाही ठाऊक असेल, कारण त्यावर चित्रपट निघाले आहेत. तुलूझच्या पार्लमाँने १२ सप्टेंबर १५६० रोजी आर्नो द्यु तिल या माणसाला फाशीची शिक्षा सुनावली. घर सोडून गेलेल्या मार्तँ गेर या शेतकऱ्याचे सोंग घेऊन तो त्याच्या बायकोबरोबर आणि जमिनीवर सुमारे तीन वर्षे राहिला होता. त्या खटल्यातील साक्षींचे कागद आज उरलेले नाहीत. उरला आहे तो निवाडा, आणि खटल्याचा अभ्यास करून न्यायपीठापुढे तो मांडण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या झाँ द कोरास या न्यायाधीशांनी पुढच्याच वर्षी त्या निवाड्यावर टिपांसह छापलेला ग्रंथ. न्यायपीठ आरोपीच्या बाजूने झुकू लागले होते, आणि तेवढ्यात लाकडी पायाचा खरा मार्तँ हजर झाला, हे आपल्याला कळते ते कोरास यांच्यामुळे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक कोरडी बाब. निवाड्यात असे म्हटले आहे की, दोषी ठरलेल्या आर्नोची मालमत्ता त्याला मार्तँच्या बायकोपासून झालेल्या मुलीला मिळावी. का, ते निवाडा सांगत नाही. कोरास सांगतात: आई फसली होती, तिची श्रद्धा शुद्ध होती, म्हणून संतती औरस मानली पाहिजे. त्या मुलीचे सारे आयुष्य ज्या तत्त्वावर उभे राहिले, ते न्यायालयाच्या कागदावर नाही, पुस्तकाच्या टिपेत आहे.

आपण म्हणाल, कोरास खुद्द त्या पीठावर होते, म्हणून ही अटकळ नव्हे, साक्ष झाली. सगळे संग्राहक असे कुठे होते? रास्त आहे, आणि माझ्या लेखातील खरा दोष येथे आहे. मी सर्व संग्राहकांना, ज्यांना फ्रेंचमध्ये ‘आरेतिस्त’ म्हणतात, एकाच माळेत ओवले. ते तसे नव्हते. झॉर्ज लुए हे पॅरिसच्या पार्लमाँचे सदस्य होते. त्यांचा संग्रह १६०२ मध्ये प्रथम निघाला तेव्हा त्यातील निवाड्यांमागची चर्चा त्यांनी आतल्या खोलीत बसून ऐकलेली होती. त्यावर भर घालणारे झ्युलियँ ब्रोदो वकील होते. त्यांनी युक्तिवाद ऐकला, पीठाचे मन मात्र बाहेरून ओळखले. लुए-ब्रोदो हे जोडनाव पुढे शतकभर वकिलांच्या तोंडी राहिले, आणि त्याचा हवाला पानाने न देता वर्णाक्षराने व त्याखालच्या क्रमांकाने दिला जाई, कारण आवृत्त्या इतक्या निघाल्या की पृष्ठांकाला अर्थ उरला नाही. याउलट झाँ पापाँ हे फोरे प्रांतातील मोंब्रिझाँ गावचे न्यायाधिकारी. त्यांनी १५५६ मध्ये साऱ्या राज्यातील वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे विषयवार लावून दाखवले, ते बव्हंशी इतरांकडून मिळवलेल्या माहितीवर. कल्पना मोठी, पुस्तक सोयीचे, आवृत्त्या अनेक, आणि पुढच्या पिढ्यांतील कायदेपंडितांचा त्याच्या अचूकतेवर भरवसा कमी. ब्रेताञ प्रांतातील निवाडे १५७९ मध्ये छापणारे नोएल द्यु फाय तर न्यायाधीशही होते आणि ग्रामीण गप्पांचे कथाकारही. त्यांच्या संग्रहातील एखादी हकीकत फारच रंगली तर मी पेन खाली ठेवतो आणि थोडा संशय घेतो.

तेव्हा कसोटी एकच लावावी लागते: हा लेखक त्या दिवशी कोठे बसला होता? पीठावर, वकिलांच्या बाकावर, की शेकडो मैल दूर आपल्या गावी? त्याच निवाड्याची तारीख एक संग्राहक एक देतो आणि दुसरा दुसरी, वस्तुस्थितीही कधी कधी जुळत नाही, आणि अशा वेळी आपल्या त्या नोंदवहीखेरीज गत्यंतर नसते. नाव, तारीख आणि निकाल यांसाठी नोंदवही, कारणासाठी संग्रह. दोन्हींची सांगड घातल्याशिवाय विधान करू नये, हा नियम मी मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवा होता.

आता ‘लॉ रिपोर्ट’ या शब्दाविषयी. आपल्या डोळ्यांपुढे साहजिकच नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ आहे: वर हेडनोट, म्हणजे संपादकाने काढलेला निकालाचा गोषवारा, खाली न्यायमूर्तींचे संपूर्ण निकालपत्र. हेडनोट हा निकाल नव्हे, तिच्यावर विसंबून युक्तिवाद करणारा कनिष्ठ वकील न्यायमूर्तींची बोलणी खातो, हे आपण मला सांगण्याची गरज नाही. या फ्रेंच संग्रहांत मात्र हेडनोटच्या खाली काही नसतेच. जे आहे ते सारे हेडनोटच, कधी दोन ओळींची, कधी वीस पानांची. त्या अर्थाने माझा शब्द चुकला, आणि मी तो ‘निवाडासंग्रह’ असा बदलत आहे. पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष, की निवाडे बंधनकारक नसल्यामुळे संग्रह निरुपयोगी होते, मला पटत नाही.

निवाड्यांच्या अधिकाराविषयी फ्रेंच कायदेपंडित स्वतःच फार सावध होते. दाखल्यांवरून नव्हे तर कायद्यावरून न्याय करावा, हे रोमन सम्राट जस्टिनियनच्या संहितेतील वचन त्यांच्या जिभेवर असे. निवाडे चांगले ते ज्याला मिळतात त्याच्यासाठी, अशी न्यायालयाच्या आवारातली म्हणही होती. आणि वस्तुस्थितीतील लहानसा फरक कायद्यात मोठा फरक घडवतो, हे वचन सोळाव्या शतकातील शार्ल द्यु मुलँ यांच्या नावावर सांगितले जाते. हे सगळे खरे. तरीही १५१० मध्ये लेखनबद्ध झालेली पॅरिसची रूढिसंहिता १५८० मध्ये सुधारली गेली, तेव्हा मधल्या ७० वर्षांत पार्लमाँने निवाड्यांतून जे ठरवत आणले होते त्यातील बरेचसे तिच्या कलमांत उतरले. शिवाय पार्लमाँ कधी कधी ‘नियमन-निवाडा’ देई, जो केवळ दोन पक्षकारांना नव्हे तर राजाने वेगळे ठरवेपर्यंत त्या साऱ्या अधिकारक्षेत्राला लागू असे. एक निवाडा बंधनकारक नव्हता, पण एकाच दिशेने जाणारी निवाड्यांची रांग वकिलाला अशिलापुढे ‘तुमचे काम होईल’ किंवा ‘खर्चात पडू नका’ असे सांगू देई. पूर्वनिर्णयाचा सिद्धान्त नसतानाही १६४६ पासून झाँ द्यु फ्रेन यांचे ‘सुनावण्यांचे जर्नल’ आणि १६७२ पासून ब्लाँदो व गेरे यांचे ‘न्यायमंदिराचे जर्नल’ निघत राहिले, ते विकत घेणारे होते म्हणूनच. मोठ्या आकाराचे हे ग्रंथ स्वस्त नव्हते, आणि वकील शोभेसाठी पैसे टाकत नाहीत, हे आपण जाणताच.

कारण न लिहिण्याने प्रत्यक्षात काय घडते, याचे मला सापडलेले सर्वांत बोलके उदाहरण योगायोगाने भारताशी जोडलेले आहे. १७५९ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँपुढे फ्राँसिस्क नावाच्या तरुणाचा खटला आला. त्याच्या छापील कैफियतीत त्याचे वर्णन ‘जन्माने हिंदी’ असे आहे. तो आठ वर्षांचा असताना ब्रिन्याँ नावाच्या फ्रेंच माणसाने त्याला पाँडिचेरीत विकत घेतले आणि पुढे फ्रान्सला नेले. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम मुक्त होतो, या जुन्या तत्त्वावर त्याने स्वातंत्र्य मागितले. खालचा निकाल त्याच्या बाजूने लागला, मालकाने अपील केले. फ्राँसिस्कच्या वकिलांनी दोन वेगळ्या वाटांनी युक्तिवाद केला. पहिली वाट अशी की, वसाहतींतील मालकांना आपले गुलाम फ्रान्समध्ये आणून ताब्यात ठेवू देणारे १७१६ चे फर्मान आणि १७३८ ची घोषणा पॅरिसच्या पार्लमाँने कधी नोंदवूनच घेतली नव्हती, म्हणून त्या न्यायालयाच्या हद्दीत त्यांना अंमल नाही. दुसरी वाट अशी की, ती फर्माने आफ्रिकेतील निग्रोंविषयी आहेत आणि फ्राँसिस्क हिंदी आहे, तेव्हा ती त्याला लागूच पडत नाहीत. आणि हे पटवण्यासाठी त्याचे नाक, केस, चेहरेपट्टी यांचे आज वाचताना अंगावर काटा आणणारे वर्णन कैफियतीत केले आहे.

पार्लमाँने फ्राँसिस्कला मुक्त केले. पण कोणत्या वाटेने? पहिली मान्य झाली असेल तर पॅरिसच्या हद्दीतील प्रत्येक गुलाम मुक्त ठरतो. दुसरी मान्य झाली असेल तर केवळ तो एकटा, आणि आफ्रिकन गुलामाच्या गळ्यातील दोर उलट आवळला जातो. एकच निकाल, त्यातून निघणारे दोन कायदे परस्परविरोधी, आणि न्यायालय गप्प. आपण म्हणता तशी ही ‘गणिते गाळून छापलेली उत्तरे’ आहेत खरी. पण गणित गाळले ते न्यायालयाने. संग्राहक आणि वकील ते पुन्हा मांडून पाहत होते, आणि कोण कसे मांडतो यावर माणसांचे नशीब ठरत होते. म्हणून त्यांनी दिलेल्या कारणांकडे मी न्यायालयाच्या मनाचा पुरावा म्हणून पाहत नाही. त्या काळच्या वकीलवर्गाला न्यायालयाने काय ठरवले असे वाटत होते, याचा तो पुरावा आहे, आणि पुढचा खटला त्या वाटण्यावर लढवला जात असे. आपल्या-माझ्यातला खरा मतभेद बहुधा एवढाच आहे.

आपण जाता जाता असेही लिहिले आहे की, आपल्याकडील मराठेशाहीतल्या निवाडपत्रांत वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, म्हणजे लेखी म्हणणी, साक्षीपुरावा आणि त्यावरून काढलेला निर्णय असा सगळा वृत्तान्त असतो, मग फ्रेंचांचे एवढे कौतुक कशाला. कौतुक नाही, तुलनाच करायची तर आपले म्हणणे बरोबर आहे. फरकाचे कारण मला असे वाटते की, निवाडपत्र जिंकलेल्याच्या हाती जाई आणि वतनाच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या राहून पुढच्या भांडणात त्यालाच बोलावे लागे. फ्रेंच नोंदवही न्यायालयाच्याच कपाटात राही, तिला कोणाला काही पटवायचे नसे. पैशाच्या बाबतीत मात्र दोघे एकमेकांना ओळखतील: आपल्याकडे जिंकणारा हरकी, म्हणजे निकाल बाजूने लागल्याबद्दलची रक्कम, भरी, तर फ्रान्समध्ये कागदोपत्री चालणाऱ्या खटल्यासाठी न्यायाधीशांना ‘एपीस’ द्यावी लागे. शब्दशः मसाले, मूळची मिठाईची भेट, पुढे रोख आणि सक्तीची.

गायो द पितावाल यांच्या ‘गाजलेल्या खटल्यां’वर आपण केलेली टीका मी वाद न घालता स्वीकारतो. १७३४ ते १७४३ या काळातील ते २० खंड कायद्यासाठी नव्हेत, दिवाणखान्यातल्या वाचकांसाठी लिहिलेले आहेत. त्यांना या यादीत आणायला नको होते.

आपल्या नोंदवही-निष्ठेला दाद म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मूळ लेखात जागेअभावी राहिली. झाँ-बातिस्त दनिझार या पॅरिसमधील मुखत्याराने १७५४ पासून ‘नव्या निर्णयांचा संग्रह’ काढला. अकारविल्हे रचलेला, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसांसाठी केलेला तो ग्रंथ इतका खपला की लेखकाच्या मृत्यूनंतरही आवृत्त्या थांबल्या नाहीत. १७८३ मध्ये त्याची नव्याने रचना करायला घेणाऱ्या दोघांपैकी एक वकील आर्माँ-गास्ताँ काम्यु हे होते. खंड निघत असतानाच क्रांती झाली. पार्लमाँ नोव्हेंबर १७८९ मध्ये सक्तीच्या सुटीवर पाठवली गेली आणि १७९० मध्ये रद्द झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील कायद्याने न्यायालयांना सर्वसाधारण नियम करण्यास बंदी केली आणि प्रत्येक निकालात वस्तुस्थिती व कारणे लिहिणे सक्तीचे केले. दनिझारची ती नवी आवृत्ती अपुरीच राहिली. आणि काम्यु? ते राष्ट्रीय सभेचे दप्तरदार झाले, फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे पहिले प्रमुख. निवाड्यांची कारणे पुस्तकात जुळवणारा माणूस शेवटी मूळ कागदांचा राखणदार झाला.

आपण विचारले आहे की, इतके सगळे ऐकल्यावर वाचायचेच ठरवले तर सुरुवात कोठून करावी. फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर यातील बरेच ग्रंथ विनामूल्य पाहता येतात. दनिझारपासून आरंभ करावा. भाषा सोपी आहे आणि आपल्याला ओळखीचा असा वकिली कोरडेपणा तीत आहे. एखादा विषय, समजा विधवेचा हक्क किंवा दत्तकासारखी वाटणारी वारसनेमणूक, मनात धरून तेथून मागे लुए-ब्रोदोकडे जावे आणि शंभर-दीडशे वर्षांत उत्तर कसे सरकले ते पाहावे. ब्रियाँ यांचा १७२७ चा सहा खंडांचा निवाडाकोश मात्र सर्वांत शेवटी उघडावा. त्यात निवाड्यांबरोबर इतके काही भरले आहे की, मी एकदा ‘पाणी’ या शब्दाखाली काही शोधायला गेलो आणि संध्याकाळ कुठे गेली ते कळले नाही.